तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत किल्ला: माती किती, अळीव कधी पेरायचा, आणि खालच्यांकडे पाणी जाऊ नये म्हणून काय करायचं?

तिसरामजला:
कोथरूडमधली जुनी चार मजली इमारत. आवारात पेव्हर ब्लॉक आणि गाड्या, त्यामुळे दिवाळीचा किल्ला बाल्कनीतच करावा लागणार. बाल्कनी ८ बाय ४ फूट. एका टोकाला वॉशिंग मशीन, दुसऱ्या टोकाला पाणी जायची जाळी. त्यातली ४ बाय अडीच फूट जागा किल्ल्यासाठी मोकळी करता येईल. मुलं ६ आणि ११ वर्षांची. सहामाही परीक्षा वसुबारसेच्या बरोबर आठ दिवस आधी संपते.

विचारायचं आहे ते असं:
१. एवढ्या जागेला माती किती लागेल आणि बाल्कनीला ते वजन झेपेल का?
२. हिरवळ नेमकी दिवाळीत दिसायला हवी असेल तर कधी पेरायचं?
३. थोरल्याला राजगडच करायचाय. एवढ्याशा जागेत जमेल का?
४. धाकटीला कारंजं हवंय. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरड्या-पापड्या त्यांच्या बाल्कनीत वाळत असतात, हे लक्षात घेऊन उत्तर द्यावं.

तयार प्लास्टरचा किल्ला आणायचा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

चिखलमास्तर:
आधी वजन, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. ४ बाय अडीच फुटांवर दोन फूट उंच डोंगर नुसत्या मातीचा रचलात तर उतार धरूनही आठ घनफूट माती लागते. ओली माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते, म्हणजे झाले साडेतीनशे-चारशे किलो, तेही जेमतेम एका चौरस मीटरवर. घरांच्या बाल्कन्या साधारण चौरस मीटरला ३०० किलो धरून बांधतात आणि जुन्या इमारतीत तर भिंतीबाहेर लोंबणारा स्लॅब असतो. तेव्हा भरीव किल्ला अंगणात. बाल्कनीत पोकळ, आणि तोही बाहेरच्या कठड्याला नाही, खोलीच्या भिंतीला चिकटवून.

खाली जाड ताडपत्री घ्या, किल्ल्यापेक्षा चारही बाजूंनी फूटभर मोठी. कडेने विटांची एक रांग लावा (१४-१५ पुरतात) आणि ताडपत्री विटांवरून वर घेऊन परातीसारखा काठ करा. जाळीच्या बाजूच्या कोपऱ्यात एक वीट कमी ठेवून तिथे जुना पंचा कोंबा. जादा पाणी गाळून जाईल, माती आत राहील.

सांगाड्याला पालथ्या बादल्या, भाजीचा प्लास्टिक क्रेट, फुटकं घमेलं, काहीही चालतं. पुठ्ठ्याचे खोके वापरणार असाल तर आत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरा आणि खोकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. उघडा पुठ्ठा ओल धरतो आणि तिसऱ्या दिवशी बालेकिल्ला बसतो. 'किल्ला कोसळला' म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं, मातीचा त्यात काही दोष नसतो.

सांगाड्यावर गोणपाट. तागाचंच हवं, भुसार दुकानात मिळतं. सिमेंटची किंवा खताची विणलेली प्लास्टिक पोती गुळगुळीत असतात, चिखल त्यांना धरत नाही, वाळला की पापुद्र्यासारखा सुटतो. ४ बाय अडीचला तीन मोठी गोणपाटं पुरतील. रात्रभर भिजवा, पिळा, मग चिखलात बुडवून सांगाड्यावर टाका. हा चिखल इडलीच्या पिठाएवढा दाट हवा. पळी बुडवून उचलली तर पळीवर थर राहिला पाहिजे. घड्या पडतील तशा पडू द्या, सह्याद्रीचे कडे त्यातूनच होतात. ओढून ताणून सारखं केलंत तर डोंगराऐवजी इस्त्रीचं टेबल दिसेल.

दुसऱ्या दिवशी, पहिला थर हाताला गार लागतोय पण चिकटत नाही अशा वेळी, वरून अर्धा-पाऊण इंच मातीचा लेप. तीन घमेली चाळलेली लाल माती, एक घमेलं बारीक वाळू, आणि दोन-तीन ओंजळी गव्हाचा भुसा किंवा भिजवलेलं कोकोपीट. भुसा घालायचाच. मातीला तेवढाच धागा मिळतो.

काळी माती घेऊ नका. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. लेप दिलेल्या संध्याकाळी तुकतुकीत दिसते आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तिला बोटभर भेगा. एकूण माती दीड घनफूट, म्हणजे नर्सरीतली २५ किलोची तीन पोती. विटा, पाणी सगळं धरून वजन सव्वाशे किलोच्या आसपास राहतं.

सिमेंट अजिबात नको. गोणपाटावर सिमेंट फासलं की पेरलेलं उगवत नाही आणि मोडताना राडारोडा होतो, तो मग कुंडीतही जात नाही.

वाळवणवाली:
माती आणायला टेकडीवर पिशवी आणि खुरपं घेऊन जाणारे दरवर्षी दिसतात. पुण्यातल्या टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे, तिथून माती काढता येत नाही. घरच्याच जुन्या कुंड्यांची माती दोन दिवस उन्हात पसरा, मुळं आणि मुंग्या काढा, वाळूच्या चाळणीने चाळा. निम्मी गरज तिथेच भागते. बांधकामावरचा मुरूम तळाला भर म्हणून ठीक, लेपाला नाही. त्याचे खडे सुटून येतात.

अळीवताई:
हिरवळीचं. अळीव, मोहरी, नाचणी, गहू हे चार नेहमीचे, पण चौघांचे स्वभाव वेगळे.

अळीव उतारावर सगळ्यात भरवशाचा. ओला झाला की बुळबुळीत होतो आणि आहे तिथे चिकटून बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड, पाचव्या-सहाव्या दिवशी दीड-दोन इंच. मोहरी एखाद दिवस मागे असते, पण तिचे दाणे गोल, उभ्या उतारावरून सगळे घरंगळून पायथ्याशी जमतात. ती पठारावर पेरा. नाचणीची पाती बारीक, गवतासारखी दिसतात, पण तिला आठ-नऊ दिवस द्या आणि वर मातीचा हलका थर हवा. गहू मात्र नकोच. लक्ष्मीपूजनापर्यंत गव्हाची पाती वीतभर होतात आणि मावळे उसात हरवल्यासारखे दिसतात.

अळीव भिजवून पेरणं ही नेहमीची चूक. भिजवला की त्याचा साबुदाण्याच्या खिचडीसारखा गोळा होतो आणि एकाच जागी शंभर रोपं, बाकी टक्कल. कोरडाच घ्या, चौपट कोरड्या वाळूत मिसळा आणि ओल्या मातीवर चिमटीने भुरभुरवा. एका चौरस फुटाला दहा ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच चमचे. तुमच्या किल्ल्याला हिरवा भाग पाचेक चौरस फूट धरला तर ५० ग्रॅम झाले, शंभराची पुडी आणलीत तर उरलेल्याचे लाडू करा. पेरल्यावर तळव्याने नुसतं दाबा, वर माती नको.

पहिले दीड दिवस ओलं सुती फडकं झाकून ठेवा, ओल टिकते आणि कबुतरं-चिमण्यांपासून दाणे वाचतात. मोड दिसले की फडकं काढा. उशीर केलात तर मोड फडक्यात अडकतात आणि फडक्याबरोबर उपटून येतात. पाणी फक्त फवारणीच्या बाटलीने, दिवसातून तीन-चार वेळा. मग्ग्याने ओतलं की ओघळ पडतात. रात्री आठनंतर फवारू नका. ढगाळ हवेत रात्रभर ओल राहिली की खोडाशी पांढरी बुरशी येते आणि सकाळी अख्खा पट्टा आडवा. मात्र मुळांशी बारीक पांढरी लव दिसली तर घाबरू नका. पाणी मारल्यावर ती नाहीशी होते. पाणी मारूनही जाळ्यासारखी राहिली तरच बुरशी समजा.

सगळीकडे पेरू नका. खऱ्या गडाचे कडे काळे, उघडे असतात, हिरवं पायथ्याला, उतारावर आणि माचीवर (बालेकिल्ल्याखालच्या सपाटीवर). उभ्या कड्यांवर कोळशाची पूड आणि राख पातळ चिखलात कालवून जुन्या ब्रशने फासा. कड्याचा काळा नसेल तर हिरवंही उठून दिसत नाही.

चिखलमास्तर:
अळीवताईंचं सगळं मान्य, पण बाल्कनीत उजेड एकाच बाजूने येतो. पाचव्या दिवशी सगळं रान कठड्याकडे झुकतं, किल्ला फिरवता येत नाही. म्हणून भिंतीकडच्या बाजूला पेरण्याची मेहनत वाचवा, तिथे नुसते कडे ठेवा. तसंही ती बाजू कुणाला दिसत नाही.

तुमच्या परीक्षेच्या हिशोबाने: परीक्षा संपल्याच्या संध्याकाळी गोणपाट भिजत घाला. वसुबारसेच्या सात दिवस आधी सांगाडा आणि पहिला थर, सहा दिवस आधी लेप, पाच दिवस आधी पेरणी. अळीव वसुबारसेला बोटाच्या दोन पेरांएवढा होतो आणि भाऊबीजेपर्यंत टिकतो. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवायचा असेल तर एक पट्टा रिकामा ठेवून तो धनत्रयोदशीला पेरा. पहिला पिवळा पडेपर्यंत दुसरा तयार.

माचीवरून:
थोरल्यासाठी. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यात आहेच. पण राजगडाचा आकार बघा: मधोमध बालेकिल्ला आणि तिन्ही दिशांना पंख्याच्या पात्यांसारख्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माच्या. त्याला चौकोनी जागा लागते. अडीच फूट रुंदीत एक माची भिंतीत जाते आणि एक कठड्याबाहेर. हट्टच असेल तर कोपऱ्यात करा. संजीवनी लांब बाजूने जाऊ द्या, पद्मावती समोर, सुवेळा आखूड, आणि बालेकिल्ला मध्यावर न घेता कोपऱ्याकडे सरकवा.

तुमच्या लांबुळक्या जागेला खरं तर लोहगड हातमोज्यासारखा बसेल. एका टोकाला रुंद माथा, त्यातून लांब, चिंचोळी निघालेली विंचूकाटा माची, आणि चढावर एकामागून एक गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे. नागमोडी वाट आणि चार दारं मिळाली की अकरा वर्षांच्या मुलाला दोन दिवस दुसरं काही सुचत नाही. वजन अजून कमी हवं असेल तर सिंधुदुर्ग. डोंगरच नाही, नुसती तटबंदी आणि भोवती पाणी.

उंची मात्र खऱ्या प्रमाणात ठेवू नका. आडवं माप धरून उंची काढली तर गड पोळपाटासारखा चपटा होतो. उभी उंची दुप्पट-तिप्पट वाढवलीत तरच तो डोळ्यांना गड वाटतो.

बुरुजांना चहाचे कागदी कप पालथे घालून वर चिखल. तटाला पन्हळीच्या पुठ्ठ्याच्या दोन इंची पट्ट्या, चिखलात बुडवून उभ्या रोवलेल्या. चर्या (तटावरचे कंगोरे) कापायची एक ठरावीक वेळ असते: नखाने दाबलं तर खूण उमटते पण माती नखाला लागत नाही, तेव्हा. आधी कापल्या तर ढासळतात, उशिरा कापल्या तर तुकडे उडतात. आइस्क्रीमच्या काडीने कापा, जंग्या (तटातली मारा करायची भोकं) आगपेटीच्या काडीने टोचा, आणि टोचताना काडी बाहेरच्या बाजूला खाली झुकवा. जंगीतून मारा खालच्या शत्रूवर करायचा असतो, आकाशात नाही.

महादरवाजा समोर उघडा ठेवू नका, ही चूक दहातल्या नऊ किल्ल्यांत असते. गोमुखी रचना करा: एक बुरूज पुढे, दुसरा चार बोटं मागे आणि बाजूला, आणि पुढच्या बुरुजाचा तट वळवून मागच्याला झाकेल असा न्या. समोर बसून बघितलं तर दार दिसता कामा नये. वाट वळली की मगच दिसलं पाहिजे. रायगडाचा महादरवाजा असाच दोन बुरुजांच्या आड आहे. वाट आखायला दगडी रांगोळी नको, पहिल्याच फवारणीत ती पसरते. गेरू घातलेली चाळलेली माती दाबून बसवा.

पेठेतला:
किल्ल्यावरची चित्रं, म्हणजे मावळे-महाराजांच्या छोट्या मूर्ती, कुंभारवाड्यात बघा, मंडईच्या आसपासही बसतात. शाडूची घेतलीत तर ओल्या मातीवर थेट ठेवू नका. बैठक खालून ओल ओढते आणि दोन दिवसांत मावळ्याचे पाय विरघळतात. प्रत्येकाखाली फुटक्या कौलाचा किंवा फरशीचा तुकडा, नाहीतर बाटलीचं झाकण मातीत दाबून ठेवा. फवारणीच्या वेळी सिंहासनाधिष्ठित महाराज उचलून आत न्यावेत.

मोठी चित्रं पुढे पायथ्याला, लहान वर माचीवर. उलटं केलं तर गड खेळण्यातला वाटतो. पाच इंची महाराज तीन इंची दरवाजातून आत कसे गेले असतील, हा प्रश्न सहा वर्षांची व्यक्ती विचारतेच, तेव्हा दरवाजा चित्रं आणल्यावर बांधा. पायथ्याच्या गावात गवळण, वासुदेव, विहिरीवरच्या बायका हव्यातच. ट्रॅफिक हवालदार आणि क्रिकेटपटू यांच्याबद्दल इतिहासकारांचं मत वेगळं असलं तरी धाकट्या भावंडांच्या हद्दीत ते चालतात.

तपकीरगल्ली:
कारंज्यासाठी मत्स्यालयाचा २३० व्होल्टचा पंप ओल्या बाल्कनीत नको. पाच व्होल्टचा छोटा बुडता पंप मिळतो, तो मोबाइलच्या चार्जरवर चालतो. चार्जर आत खोलीत, बाहेर फक्त पाच व्होल्टची वायर. ती वायर पंपाकडे जाताना एकदा खाली झोळ पडू द्या म्हणजे थेंब वायरवरून घरंगळत सॉकेटपर्यंत येणार नाही. हा पंप पाणी फूट-दीड फूटच चढवतो, त्यामुळे धबधबा शिखरावरून नाही, गडाच्या कमरेएवढ्या उंचीवरून काढा. पंप कोरडा चालला की जळतो. रात्री बंद.

तळ्याला आइस्क्रीमचा चौकोनी डबा, दोन लिटरचा. आता पापड्यांचा मुद्दा. सगळे डब्याला भोक आहे का ते बघतात, पण पाणी जातं दुसरीकडून. डब्याच्या काठावरून गोणपाटाचं टोक आत लोंबत असेल तर ते वातीसारखं काम करतं. दिव्यात वात तेल ओढते तसं गोणपाट रात्रभर पाणी ओढून बाहेर सोडतं. संध्याकाळी भरलेलं तळं सकाळी रिकामं, आणि पाणी ताडपत्रीवरून कठड्याखाली. म्हणून डब्याच्या काठाभोवती दोन बोटं गोणपाट कापून टाका. ती फट खडे लावून झाका, चिखलाने लिंपू नका, चिखलही ओढतो. धबधब्याच्या वाटेत नळी उघडी न ठेवता खाली प्लास्टिकची पन्हळ द्या, नाहीतर पाणी मातीत मुरतं आणि डब्यात परत येतच नाही.

दिव्यांच्या माळा १२ व्होल्टच्या घ्या. पणत्या सुकलेल्या गोणपाटाच्या कडेला नकोत, तागाचे सुटलेले धागे पटकन पेट घेतात. फरशीच्या तुकड्यावर, कडेपासून वीतभर लांब. आणि बुरुजात लवंगी खुपसण्याचा मोह बाल्कनीत आवरा.

तिसरामजला:
सगळ्यांचे आभार. राजगड आणि लोहगड यावर घरात तह झाला: लोहगड करायचा, पण धबधब्याला नाव राजगडाजवळच्या नदीचं, गुंजवणी. दोन शंका उरल्यात. काळजी घेऊनही भेगा पडल्या तर? आणि मोडताना काय करायचं, वॉशिंग मशीनचं पाणीही त्याच जाळीतून जातं.

चिखलमास्तर:
भेगेत कोरडी माती भरू नका, वरून पाणीही मारू नका. भेगेच्या दोन्ही कडा ब्रशने नुसत्या ओल्या करा, जुन्या धोतराची बोटभर पट्टी पातळ चिखलात बुडवून भेगेत बसवा, वरून अंगठ्याने लेप. कडा कोरड्या राहिल्या तर त्या नव्या चिखलातलं पाणी शोषून घेतात आणि शेजारीच दुसरी भेग पडते. दुपारचं ऊन थेट येत असेल तर बारा ते चार जुनी साडी आडवी बांधा. लेप हळू वाळला की भेगा निम्म्याने कमी.

परतीचा पाऊस दिवाळीच्या आधी हजेरी लावतो, त्यासाठी एक प्लास्टिक घडी करून हाताशी ठेवा. मात्र ते किल्ल्याला टेकवू नका, दोरीवर टाका. टेकलं की आत वाफ धरते आणि अळीव कुजतो.

वाळवणवाली:
मोडण्याचं मी सांगते. तुळशीच्या लग्नानंतर पाणी बंद करा आणि तीन-चार दिवस कडकडीत वाळू द्या. ओला किल्ला मोडायला घेतलात तर चिखल हातपाय, जाळी, पाइप सगळीकडे जातो. आधी चित्रं काढून कागदात गुंडाळा, मग वरून खाली ढेकळं काढून पोत्यात भरा. अळिवाच्या मुळांची चटई निघेल ती तशीच कुंडीत पालथी घाला. माती मोगरीने फोडून, चाळून पोत्यात भरून ठेवा, पुढच्या वर्षी दोन पोती कमी आणावी लागतील. गोणपाट झटकून, उन्हात वाळवून ठेवा. कुजलेला भाग कापून कुंडीतल्या मातीवर अंथरा.

बाल्कनी आधी कोरडीच झाडायची, दोनदा. मग ओल्या फडक्याने पुसायची. बादली ओतून धुवायची ती सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही जाळीवर जुना पायमोजा ताणून बांधायचा. माती पाइपात गेली की ती वाकणात बसते, त्यावर वॉशिंग मशीनचा साबण आणि कपड्यांची लव साठते, आणि जाळी तुंबते ती संक्रांतीच्या सुमारास, जेव्हा किल्ल्याची कुणाला आठवणही नसते. मोडून होईपर्यंत मशीनची नळी बादलीत सोडा. आणि काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवा, कोरडी माती झाडतानाही धूळ खालीच जाते.